एकाच रस्त्याच्या दोन बाजू, दोन दर: ‘वस्ती कशी आहे’ म्हणजे नेमकं काय विचारतात?

दुष्काळी_ढग (धागाकर्ता)

संभाजीनगरला बीड बायपासच्या आत जा, लातूरला औसा रोडला जा, नाहीतर नांदेडला तरोड्याकडे. प्लॉट बघताना एक गोष्ट ठरलेली. रस्ता एक, विजेची डीपी एक, टँकरवालाही एकच. पण उजव्या हाताचा दर वेगळा आणि डाव्या हाताचा वेगळा. एजंट आवाज खाली आणून सांगतो, “तिकडची वस्ती तेवढी चांगली नाही.”

या ‘चांगली’ शब्दात काय काय भरलेलं असतं? कागद, नाली, शेजाऱ्याचा पगार, की शेजाऱ्याचं आडनाव? अमेरिकेत कोण कुठे राहतो यावर वंश आणि वर्ग असा वाद वर्षानुवर्षं चाललाय. आपल्याकडे वंशाच्या जागी जात आणि धर्म ठेवा, प्रश्न तोच राहतो. दरातला हा फरक सुटा करून मोजता येतो का, एवढंच विचारायचं आहे.

एक विनंती. “माझ्या मावसभावाला असा अनुभव आला” हे नको. ते वाचून वाचून डोळे पांढरे झालेत. ज्यांना कागद, कर्ज, कायदा, नकाशे यातलं कळतं त्यांनी लिहा.

खवचट_खंडू

चांगली वस्ती म्हणजे आपल्यासारख्यांची वस्ती. झालं. धाग्याला कुलूप लावा.

मूल्यांकन_मास्तर

कुलूप लावायच्या आधी कागद बघू. दरातला सगळ्यात मोठा फरक बहुतेक वेळा कागदाचा असतो. लोक मात्र तो वस्तीच्या नावावर खपवतात.

उजवीकडचा लेआउट एनए-४४ चा (जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खालचा) असेल तर त्याला अकृषिक परवानगी, मंजूर नकाशा, किमान ९ मीटरचा अंतर्गत रस्ता आणि खुली जागा असते. डावीकडे गुंठेवारी असेल तर शेतकऱ्याने गट नंबरातली जमीन गुंठ्या-गुंठ्याने विकलेली असते. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फूट, त्याचेही पुढे २० बाय ३० चे तुकडे पडतात. मधे १० फुटांचा बोळ. व्यवहार बहुतेकदा बाँडवर झालेला, कारण तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या लहान तुकड्याचं खरेदीखत नोंदवलं जात नव्हतं. सातबारावर नाव मूळ मालकाचंच राहतं. तो वारला की वारसदार उभे राहतात आणि एक प्लॉट तिघांना विकल्याचं तेव्हा बाहेर येतं.

गुंठेवारी कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचीच बांधकामं नियमित होत होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. एक गोष्ट घोळून घोळून लक्षात ठेवा: नियमितीकरणाचं प्रमाणपत्र बांधकामाला मिळतं, त्याने मालकी सिद्ध होत नाही. बाँडवाला बाँडवालाच राहतो.

आता कर्ज. एनए प्लॉटवरच्या घराला ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. गुंठेवारीतल्या अनियमित घराला सरकारी बँक दारात उभं करत नाही. मग घेणारा कोण? ज्याच्याकडे रोख आहे, किंवा जो चढ्या व्याजाने खाजगी फायनान्स उचलतो. गिऱ्हाईक कमी म्हणून दर कमी. इथवर जातीचा संबंध नाही.

संबंध पुढे येतो. बँकेच्या मूल्यांकन अहवालाच्या छापील नमुन्यातच परिसराचा वर्ग लिहायचा रकाना आहे: उच्च, मध्यम की गरीब. हा शेरा मारायला मोजपट्टी नाही. मूल्यांकनकार मोटारसायकलवरून उतरतो, आजूबाजूला बघतो आणि लिहितो. काय बघून लिहितो ते ज्याचं त्याला ठाऊक. त्याशिवाय काही खाजगी फायनान्सवाल्यांची आपापली ‘निगेटिव्ह एरिया’ यादी असते. ती कर्जदाराला दाखवली जात नाही. अर्ज फक्त “पॉलिसीत बसत नाही” म्हणून परत येतो.

अटलांटिक_पारवा

मास्तरांच्या रकान्यावरून आठवलं. १९३० च्या दशकात अमेरिकेत होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा सर्वात चांगला, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. प्रत्येक भागासाठी छापील फॉर्म होता. त्यात इमारतींचं वय, भाडं, उत्पन्न यांच्या सोबतीला कृष्णवर्णीय किती टक्के आणि कोणत्या लोकांची ‘घुसखोरी’ चालू आहे, असे रकाने सरळ छापलेले होते. ‘रेडलायनिंग’ शब्द त्या लाल रंगावरून रूढ झाला. गोऱ्यांनाच घर विकीन असा करार कोर्टाने बजावून द्यायचा नाही, हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४८ चा. घर विकताना-भाड्याने देताना वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा १९६८ चा. कायदा येऊन अर्धशतक उलटलं तरी लाल रंगाच्या पुष्कळ वस्त्या अजून गरीबच आहेत, कारण मधल्या काळात ज्यांना कर्ज मिळालं त्यांचं घर वाढलं आणि त्या घराच्या जोरावर पुढची पिढी शिकली.

आपल्याकडे तो रकाना नाही. शेरा मारणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

रोकडा_हिशोब

तुम्ही सगळे उगंच जात घुसवायलेत. पैसा टाका, कुठंबी घर मिळतंय. संभाजीनगरच्या सिडकोत बघा. एन-१ पासून एन-१३ पर्यंत सगळ्या जातीचे लोक राहतेत. मोठ्या प्लॉटवाला एन-१ ला, छोट्या घरवाला हडकोकडं. ही वर्गाची वाटणी झाली, जातीची कुठून आली? पगार वाढला की माणूस कॉलनी बदलतो.

नकाशा_नामा

@रोकडा_हिशोब, सिडकोचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तिथे पहिल्या फेरीत घरं सरकारने अर्ज आणि आरक्षणाने वाटली. शेजारी कोण असावा हे निवडायची सोयच नव्हती, म्हणून एकाच उत्पन्न गटात वेगवेगळी आडनावं एका लाईनीत आली. पुनर्विक्री सुरू झाली आणि निवड परत आली. सिंगापूरने हे ओळखून १९८९ पासून सरकारी इमारतींमध्ये वांशिक गटांची कमाल मर्यादा ठरवली, आणि ती पुनर्विक्रीलाही लावली. त्याचा चटकाही बसतो: इमारतीतला चिनी गटाचा कोटा भरला असेल तर चिनी वंशाच्या गिऱ्हाइकाला घर विकता येत नाही, मग अल्पसंख्य विक्रेत्याला मोजकेच खरेदीदार उरतात आणि किंमत पडते.

वर्ग मिसळायची तरतूद आपल्याकडेही आहे. १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांत ४,००० चौ. मी. आणि त्यावरच्या लेआउटमध्ये २० टक्के क्षेत्र अल्प उत्पन्न गटासाठी ३० ते ५० चौ. मी.च्या प्लॉटचं ठेवावं लागतं. मराठवाड्यात हे फक्त संभाजीनगरला लागू पडतं. पळवाट काय? जमीन ३,९०० चौ. मी.च्या आत बसेल अशी आधीच वेगवेगळ्या नावांवर तोडायची. मोजणीच्या नकाशावर शेजारी-शेजारी चार गट सारख्याच मापाचे दिसले की समजून घ्यायचं.

खवचट_खंडू

सगळे भाऊ भाऊ, वाटणी मात्र चौरस मीटरवर. आदर्श कुटुंब.

भूकंपानंतर

वर्गावर वस्ती आखली की जात आपोआप कशी उमटते, याचा मराठवाड्यातला सर्वात मोठा प्रयोग किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. घराचं माप कशावर ठरलं? जमीनधारणेवर. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतचे: २५० चौ. फूट. १ ते ७ हेक्टर: ४५०. ७ हेक्टरांच्या वर: ७५०.

कागदावर यात जातीचा ‘ज’ सुद्धा नाही. पण मराठवाड्यातल्या गावात ७ हेक्टरवाला कोण आणि भूमिहीन कोण, हे सांगायला तलाठी लागत नाही. बऱ्याच गावांत बांधकाम सोपं जावं म्हणून एका मापाची घरं एका पट्ट्यात घेतली. साचा एक, गवंडी एक, सळईचं माप एक. ठेकेदाराला ते परवडत होतं. परिणाम असा की ७५० च्या ओळी एका बाजूला आणि २५० च्या ओळी दुसऱ्या टोकाला.

जुन्या गावात वेगळेपण नव्हतं असं मुळीच नाही. गढी, देशमुखाचा वाडा, गल्ल्या आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला दलित वस्ती, ही रचना सगळ्यांना माहीत आहे. फरक इतकाच की जुन्या गल्लीत भावकीतला गरीब आणि श्रीमंत एका भिंतीला लागून राहायचे. नव्या आराखड्यात ७ हेक्टरवाला भाऊ आणि वाटणीत १ हेक्टर आलेला भाऊ वेगवेगळ्या टोकांना गेले. म्हणजे भावकी फुटली आणि वर्ग उघडा पडला, पण जातीची सीमा होती तिथेच राहिली.

तांत्रिक चुका वेगळ्याच. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरून मातीचं माळवद, या वजनाने माणसं गाडली गेली, म्हणून नवी घरं हलकी आणि सुटी-सुटी केली, रस्ते रुंद ठेवले. गाव कित्येक पट पसरलं. २५० च्या घरात कडबा कुठे ठेवायचा, म्हैस कुठे बांधायची, याचं उत्तर आराखड्यात नव्हतं. मग पुढे पत्र्याचं शेड चढलं.

तांडा_वाट

वरच्या प्रतिसादात एक भर. गावाबाहेर राहणं दर वेळी एकाच कारणाने नसतं. बंजारा तांडे मुळात बैलांचा, चराईचा विचार करून माळावर वसले. गावाने हाकललं म्हणून नव्हे. आज मात्र परिणाम तोच. रस्ता उशिरा, नळ उशिरा, आणि घरकुलाच्या यादीत नाव आलं तरी ‘जागेचा उतारा’ नाही. उतारा नसेल तर घरकुल अडतं. घरकुलासाठी जागा विकत घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, ५०० चौ. फुटांपर्यंत. पण गावठाणालगतची जमीन दलित किंवा भटक्या कुटुंबाला विकायला मालक तयार आहे का? अनुदान मंजूर होतं आणि विक्रेता मिळत नाही, म्हणून रक्कम परत जाते. यात पैसा आडवा येत नाही, @रोकडा_हिशोब.

रोकडा_हिशोब

बरं. गावातलं मान्य. शहराचं सांगा.

सोंगट्या

शहराचं गणित सोप्या खेळात दिसतं. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलं. २००५ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल विजेत्यांपैकी तो एक. घरी करून बघा.

बुद्धिबळाचा पट घ्या, ६४ घरं. १ रुपयाची २२ नाणी आणि २ रुपयांची २२ नाणी कशीही विखरून ठेवा. २० घरं रिकामी राहतील. नियम एकच: नाण्याभोवतीच्या आठ घरांत जेवढे शेजारी आहेत, त्यातले निदान एक तृतीयांश आपल्या जातीचे (म्हणजे आपल्या किमतीचे!) हवेत. नसतील तर ते नाणं उचला आणि जवळच्या अशा रिकाम्या घरात ठेवा जिथे अट पुरी होते. सगळी नाणी समाधानी होईपर्यंत चालू ठेवा.

अट बघा किती सौम्य आहे. दोन तृतीयांश शेजारी परके चालतील असं प्रत्येक नाणं म्हणतंय. तरी शेवटी पटावर एक रुपयांचे आणि दोन रुपयांचे वेगळे मोहल्ले पडलेले दिसतात. एक नाणं हललं की मागे राहिलेल्याचा हिशोब बिघडतो, मग ते हलतं, मग तिसरं.

करताना दोन चुका होतात. रिकामी घरं फारच थोडी ठेवली तर नाणी अडकू शकतात. आणि अट तीन चतुर्थांशांवर नेली तर नाणी फिरतच राहतात, पट स्थिरावत नाही. शहरातही रिकामे प्लॉट असतील तरच वाटणी जोरात होते. सातारा-देवळाई परिसर किंवा रांजणगाव शेणपुंजी यांसारख्या झपाट्याने वाढलेल्या भागांत ओळी लवकर वेगळ्या पडतात. जुन्या शहरात उलट हालायलाच जागा नाही.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. पोराची नाणी पळवून आणली आहेत.

काळा_कोट

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण गैरसमज फार आहेत.

पहिलं: “घर नाकारणं हा मालकाचा हक्क आहे.” अर्धवट खरं. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, पाणवठे यांबद्दल बोलतं. खाजगी घरभाड्याचा त्यात उल्लेख नाही. पण नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ चं कलम ४ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा वापरायला अडवणं हा गुन्हा आहे. शिक्षा १ ते ६ महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. अनुसूचित जाती-जमातींवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा झाला. धर्मावरून भाड्याचं घर नाकारलं तर मात्र असं थेट कलम बोटावर दाखवता येत नाही.

दुसरं, सहकारी गृहनिर्माण संस्था. सभासदत्वाचा अर्ज दिल्यापासून ३ महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २२(२) नुसार अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. नाकारलं तर कारणासह लेखी कळवावं लागतं आणि कलम २३ खाली निबंधकाकडे अपील होतं. म्हणून अर्जाची पोच, तारीख आणि शिक्का, या तीन गोष्टी सोडू नका. हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा महापालिका हद्दीत २५,००० रुपये. “बाहेरच्याला लाख रुपये” असा ठराव करून नको असलेल्याला पिटाळणं चालत नाही.

पण एक मेख आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा उपविधी वैध ठरवला. संघटना करण्याच्या हक्कात आपल्यातल्यांपुरती संघटना करण्याचा हक्कही येतो, असा त्याचा अर्थ. म्हणून मंजूर उपविधीत आधीच काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय भांडायला जाऊ नका.

तिसरं, अडचण कायद्याची कमी आणि पुराव्याची जास्त. “जात अमुक म्हणून देत नाही” असं कोणी लिहून देत नाही. फोनवर आडनाव विचारलं जातं आणि दहा मिनिटांनी “खोली आत्ताच गेली.” मालकाने खोली खरंच दुसऱ्याला दिली असेल तर? हेच कोर्टात विचारतात.

जोडीने_फोन

@काळा_कोट, याला संशोधनात एक पद्धत आहे. जोडीने चौकशी. दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी ती वापरली गेली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले: सवर्ण हिंदू आडनावाला होकार सर्वात सहज, दलित आडनावाला कमी, मुस्लिम नावाला सर्वात कमी.

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा संभाजीनगरच्या उल्कानगरीत करायची तर कृती अशी. दोघांची नोकरी, पगार, कुटुंबातली माणसं, बोलण्याची ढब एकसारखी ठेवायची. फक्त आडनाव वेगळं. एकाच जाहिरातीवर एकाच दिवशी फोन. आधी कोण फोन करणार हे नाणं उडवून ठरवायचं, नाहीतर “दुसऱ्याचा फोन आला तोवर खोली गेली” ही पळवाट राहते. उत्तर होकार, नकार, आणि तिसरा रकाना ‘अटीसह’ असं लिहायचं. हा तिसरा रकाना महत्त्वाचा, कारण बहुतेक भेद नकारात नसतो. भाडं हजाराने वाढतं, डिपॉझिट दोनाचं चार महिने होतं, “घरात मटण-मासे शिजवायचे नाहीत” ही अट ऐनवेळी निघते.

आणि मराठवाड्यात आडनाव पुरत नाही. जाधव, गायकवाड, पवार, कांबळे, साळवे: यातली अर्धी आडनावं चार-चार जातींत सापडतात. म्हणून पुढचे प्रश्न येतात. “गाव कोणतं?” “गावात घर कोणत्या गल्लीत?” “पाहुणे कुठले?” “देव कोणता?” चौथ्या प्रश्नापर्यंत निकाल लागतो.

खवचट_खंडू

पाचवा प्रश्न: “जेवायला काय काय चालतं?” बँकेची केवायसी यापुढं पोरखेळ.

नावात_काय

अवांतर: वस्त्यांची नावं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. हेतू चांगला. पण आता पाटी वाचणाऱ्याला भीमनगर, मिल्लतनगर, शिक्षक कॉलनी, जिजाऊनगर एवढ्यावरून पूर्वीइतकंच कळतं.

शिक्षक कॉलनी, बँक कॉलनी, न्यायनगर ही नावं वरवर निधर्मी आणि निर्जात वाटतात, पण ती त्या-त्या नोकरीतल्या लोकांच्या गृहनिर्माण संस्था असतात. संस्था स्थापन झाली तेव्हा त्या नोकरीत कोण होतं, तेच मूळ सभासद. चाळीस वर्षांपूर्वीची नोकरभरती आज गल्लीच्या नकाशात दिसते ती अशी.

नळाला_पाणी

अवांतरात अवांतर: पाणी. दर ठरवण्यात पाण्याचा वाटा कोणी धरलाच नाही. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे विसरलात का?

दरडोई १३५ लिटर धरा. पाच माणसांचं घर, ६७५ लिटर रोज. नळ सहाव्या दिवशी आला तर साठवण हवी ४,००० लिटरच्या आसपास, म्हणजे २ मीटर बाय २ मीटर बाय १ मीटर हौद. ३० बाय ४० च्या प्लॉटवर तो पार्किंगखाली जातो. २० बाय ३० च्या गुंठेवारीत घर हद्दीला चिकटलेलं. हौद बैठकीखाली घ्यावा लागतो, नाहीतर दारात निळे ड्रम. टँकर १० फुटी बोळात वळत नाही, मग तोंडाशी उभा करून पाईप ओढायचा, त्याचे पैसे वेगळे. गरीब वस्तीत लिटरमागे पाणी महाग पडतं ते असं. आणि दारातले ड्रम बघून मूल्यांकनवाला काय शेरा मारणार, ते मास्तरांनी वर सांगितलंच आहे.

मूल्यांकन_मास्तर

मारतात. नाकारत नाही.

नागसेनवनी

आत्तापर्यंतचा सगळा धागा ‘कोणी कोणाला लांब ठेवलं’ यावर चाललाय. लोक आपणहून एकत्र का राहतात, तेही बघा.

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. कित्येक कुटुंबांनी गाव सोडलं. गाव सोडलेला माणूस शहरात खोली शोधताना दर बघत नाही. रात्री हाक मारली तर कोण धावून येईल, हे बघतो. संभाजीनगरला मिलिंद महाविद्यालय १९५० पासून आणि नागसेनवन परिसर जवळ, वसतिगृह आहे, विहार आहे. अशा ठिकाणी वस्ती दाट होणारच. दंगली पाहिलेल्या शहरांत सुस्थितीतलं मुस्लिम कुटुंबही किराडपुरा-रोशनगेट सोडून नव्या लेआउटला जाताना हाच हिशोब करतं. बाहेरून हे ‘त्यांना तिकडेच राहायला आवडतं’ असं दिसतं.

त्यातही वर्ग आहे. शासकीय नोकरीतली पहिली पिढी भीमनगर सोडून एनए लेआउटला जाते, आणि १४ एप्रिलला परत येते. मुलांना अभ्यासाला शांत जागा मिळते. घरमालकांच्या प्रश्नपत्रिकेचा सामना मात्र पुन्हा पहिल्यापासून.

रोकडा_हिशोब

सुरक्षिततेचा मुद्दा डोक्यात नव्हता आला. हे पैशात मोजता येत नाही, मान्य. बाकीचं अजून पटलं नाही.

जनगणना_जंत्री

मोजायचंच असेल तर असमानता निर्देशांक काढा. प्रत्येक वॉर्डात शहरातल्या एकूण अनुसूचित जातींपैकी किती हिस्सा आणि एकूण इतरांपैकी किती हिस्सा राहतो, यांतला फरक घ्या, चिन्ह सोडा, बेरीज करा, निम्मी करा.

समजा तीन वॉर्ड. अनुसूचित जाती ७००, २००, १००. इतर ८००, १,६००, १,६००. हिस्से: ०.७, ०.२, ०.१ आणि ०.२, ०.४, ०.४. फरक ०.५, ०.२, ०.३; बेरीज १; निम्मे ०.५. अर्थ: विखुरण समान व्हायला निम्म्या अनुसूचित जातींना वॉर्ड बदलावा लागेल. हाच निर्देशांक भारतातल्या सात महानगरांसाठी २००१ च्या वॉर्डनिहाय आकड्यांवर काढला गेला होता, तेव्हा जातीवरून पडलेलं अंतर आर्थिक स्तरावरून पडलेल्या अंतरापेक्षा मोठं निघालं. @रोकडा_हिशोब, हे तुमच्यासाठी.

खड्डे तीन. वॉर्डनिहाय फक्त अनुसूचित जाती-जमाती मिळतात. धर्म वॉर्डनिहाय छापला जात नाही आणि बाकी जाती मोजल्याच नव्हत्या. दुसरं, महाराष्ट्रात १९८१ ची तुलना १९९१ शी करू नका. १९९० मध्ये बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, त्यामुळे राज्यातलं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून ११ वर गेलं. माणसं तीच, रकाना बदलला. तिसरं, वॉर्ड हजारो लोकांचा. एकाच वॉर्डात रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे राहत असतील तर निर्देशांक शून्याजवळ येईल. म्हणजे धागाकर्त्याचा रस्ता यात दिसणारच नाही.

दुष्काळी_ढग

मी तेच म्हणणार होतो! रस्त्याच्या दोन बाजू मोजायच्या कशा? कागद, नाली, हौद वगळून उरतं काय?

मूल्यांकन_मास्तर

एनएची तुलना गुंठेवारीशी करूच नका, तिथेच सगळ्यांची गल्लत होते. दोन्ही बाजूंना मंजूर लेआउट आहेत असे रस्ते निवडा. प्लॉटचं माप सारखं, समोरचा रस्ता सारखा, कोपऱ्याचा प्लॉट वगळा, दक्षिणमुखी वगळा (हो, वास्तुशास्त्राचाही दर असतो). भोगवटादार वर्ग-२, वक्फ, इनाम किंवा कुळकायद्याचा शेरा (म्हणजे विक्रीवर बंधन) असेल तर तो गट सोडून द्या. निजामाच्या राज्यातल्या जमिनी असल्याने मराठवाड्यात हे शेरे पावलोपावली आहेत आणि दर त्यानेच पडतो.

मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि गट नंबर टाकून दोन्ही बाजूंचे इंडेक्स-२ काढा. त्यात क्षेत्र, मोबदला, बाजारमूल्य आणि घेणार-देणारांची नावं असतात. दोन-तीन वर्षांचे प्रत्येकी वीसेक व्यवहार मिळाले तरी चित्र दिसतं.

अडचण ही की मोबदला बहुतेक जण रेडीरेकनरच्या आसपासच दाखवतात, वरची रक्कम रोखीत जाते. म्हणून मोबदल्यावर विसंबू नका. त्याऐवजी दोन गोष्टी बघा: बँकेच्या कर्जाने झालेले व्यवहार (गहाणखताची नोंद असते, तिथे किंमत जरा खरी असते) आणि प्लॉट विकायला लागलेला काळ. ज्या बाजूला मूळ विकासकाकडून पहिल्या खरेदीनंतर प्लॉट वर्षानुवर्षं पुन्हा विकला जात नाही किंवा एकाच आडनावांच्या गटात फिरतो, तिथे गिऱ्हाइकाचं वर्तुळ लहान आहे. दर पडतो तो त्याने.

खवचट_खंडू

म्हणजे एवढं सगळं करून शेवटी आडनावंच वाचायची.

दुष्काळी_ढग

हो, पण इंडेक्स-२ मध्ये. एजंटच्या तोंडून नाही. औसा रोडचे दोन गट नंबर हाताशी आहेत, दोन्ही एनए, दोन्हीकडे ९ मीटरचा रस्ता. दोन्हीचे व्यवहार काढून तक्ता इथेच टाकतो. नावं झाकून.

जनगणना_जंत्री

नावं झाका, पण आधी रकाना भरून घ्या. आणि जाधव-पवारांसाठी ‘सांगता येत नाही’ असा वेगळा रकाना ठेवा, नाहीतर तुम्हीही “गावात घर कोणत्या गल्लीत” विचारायला लागाल.